नमुन्याचं कापड

इचलकरंजीहून किलोवर आलेल्या चिंध्यांत
आज एक विटकरी तुकडा निघाला,
काठाला मागावरचीच गाठ राहिलेली.
ती मी सोडवली नाही.
तिथूनच सुरुवात केली.

शाळेत पाटगावकर बाई म्हणायच्या,
पेन्सिलची रेघ दिसता कामा नये.
धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज,
एका ओळीत एक, खाली नाव आणि तुकडी.
मला दहापैकी चार.
माझी साखळी वळणावर रेघ सोडून निघायची,
पोरं वर्ग सोडून रंकाळ्यावर निघतात तशी.

आता रेघच काढत नाही.

दोन ते चार पापाची तिकटी आडवी होते.
चपलांच्या माळा हलत नाहीत, गिऱ्हाईक नाही.
गल्ल्यामागं मी रिंग काढते
आणि जिथं बटणच नाही
तिथं काजाचा टाका घालून बघते.
गाठीच्या टाक्याला दोनाऐवजी पाच वेढे.
गुळाच्या गोणपाटावर त्या गाठी बुडून गेल्या,
साटीनवर मात्र अशा उभ्या राहिल्या
की मटकीला मोड यावेत.
सहा पदरांतला एकच ओवला
तर पंख्याच्या वाऱ्यानंही थरथरतो.
सहाच्या सहा घेतले
की टाका पैलवानासारखा बसतो,
उठायचं नाव नाही.

बोरगावेंच्या दुकानात लड्यांचे चौदा खण.
त्यांचा धाकटा विचारतो, कुठला रंग?
मी म्हणते,
एकमेकांशी बोलत नसलेले दोन दे.
तो हसत नाही. शोधतो.
जांभळ्याला मोहरीपिवळा लावतो,
लांब धरून बघतो,
आणि स्वतःच मान हलवतो,
न्हाई ताई, ही बोलायला लागली.

मुमताज मुजावरनं बजावलं होतं,
तांबडा दोरा आधी मिठाच्या पाण्यात बुडव.
मी बुडवला नाही.
घाई होती, फूल कसं दिसतंय बघायची.
पहिल्याच धुण्यात
पांढऱ्या मांजरपाटभर रंग सुटला.
सुशांतावहिनी डोकावून म्हणाली, गेलं, टाकून दे.
टाकून काय दे?
वाटीत पांढऱ्यावर तांबडा
आपण हातानं ओतून घेतो की!
डागाच्या कडेकडेनं देठटाका चालवला,
तो नेईल तिकडं गेले.
शेवटी ना फूल ना पान.
भाचा म्हणाला, रंकाळा.
मुमताज म्हणाली, कलेजी.
मी दोघांचं ऐकून घेतलं
आणि मधोमध एक हिरवा ठिपका दिला,
का ते मलाही माहीत नाही.

तात्या खाटेवरून बघत असतात.
पन्नास वर्षं त्यांनी कातड्यात आरी चालवली.
माझ्याकडची आरी बारीक, लाकडी मुठीची,
ती हातात घेऊन त्यांनी टोकावर अंगठा फिरवला,
धार जोखावी तसा.
म्हणाले, कातड्यावर चुकलं की भोक राहतंय पोरी.
कापड बरं. सुई काढली की मिटतं.
मी उसवलेली जागा नखानं घासून दाखवली.
खरंच, काही नव्हतं तिथं.
तात्या बराच वेळ ती जागा चाचपत राहिले.

मग मला राहवेना.
कातड्याचाच एक पट्टा घेतला.
दोन सुया मोडल्या, तिसरी वाकली,
चौथ्या वेळी भोकं तात्यांनी पाडून दिली,
चष्मा न लावता, एका मापाची.
मी त्यातून राणीरंगी दोरा काढला,
माशाच्या काट्यासारखा तिरपा,
अंगठ्यापाशी पोचता पोचता
मन बदललं, निळा घेतला.

काल जयसिंगपूरची एक बाई थांबली.
डावी चप्पल उलटीसुलटी केली,
पायात घालून आरशापर्यंत जाऊन आली.
जोड कुठाय?

म्हटलं, बसा जरा.
उजव्या पायाचं अजून ठरलं नाही.